माझ्या तोंडचं ‘नाई’

“स्ट्रोक आहे,” डॉक्टर मॅडम आमच्या ह्यांले म्हणाल्या. स्ट्रोक म्हणजे मेंदूले रक्त पुरवणारी नळी बंद पडणं. “उजवा हातपाय हळूहळू सुधारेल. पण यांना अफेजिया झाला आहे.” अफेजिया म्हणजे डोक्यात सगळं असते, पण बोलणं तोंडातून धड निघत नाई. मी पलंगावरून सगळं ऐकून राह्यली होती. म्हणायचं होतं, अहो मॅडम, मले सांगा ना, मी इथीच आहो! निघालं काय, तर “नाई.”

वडशाले माझं बांगड्यांचं दुकान आहे. दिवसभर माझी टकळी चालू. आमचे हे म्हणतात, गिऱ्हाईक बांगड्या कमी अन् गप्पा जास्त घेऊन जाते. अशा बाईजवळ दोनच शब्द उरले, ‘हो’ अन् ‘नाई’.

तेही धड नाई. ह्यांनी विचारलं, “चहा घेते काय?” माझा सगळा जीव त्या कपात, अन् मी म्हणली, “नाई.” ह्यांनी स्वतःच पिऊन टाकला. मी बघतच राह्यली. कधी बरोबर पडे, कधी उलटं. आपण काय म्हणलो, ते माझं मलेच समजत नव्हतं. रडू येई. मग हे म्हणत, “काऊन रडते? मले सांग ना.” घ्या! आता काय सांगू अन् कशानं सांगू?

बाजूच्या पलंगावर भामरागडकडची एक तापाची पोरगी होती. तिच्याजवळ तिची माय, बुधरी. बुधरीले फक्त त्यांची आदिवासी बोली, माडिया, येई. माडिया समजणारी एक ताई सकाळी येऊन जाई, ती गेली की बुधरी दिवसभर गप्प. सिस्टर तिच्याशी ओरडून बोलत, जशी ती बहिरीच आहे. माझ्याशीही तशाच बोलत. मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचो अन् बुधरी पदराआड हसायची.

एक दिवस माझं कॅथेटर काढलं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी. दुपारी सिस्टरनं विचारलं, “लघवी झाली का?”

“हो.”

“पोट दुखतं का?”

“नाई.”

“लघवी झाली म्हणते ना ती,” ह्यांनीही साक्ष दिली.

अहो, थेंब उतरला नव्हता! ओटीपोट फुटते की काय, असं झालं होतं. ह्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी जीव खाऊन ‘हो’ म्हणली, तर ह्यांले वाटलं, पक्कं सांगून राह्यली. हे निवांत बाहेर जाऊन बसले. तेव्हा मी खरंच भ्याली. घरचं माणूस उशाशी असून मी अशीच मरून जाईन, असं वाटलं.

बुधरी पाण्याची बाटली भरून येत होती. मी डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. तिनं काही विचारलं नाई, विचारणार तरी कोणत्या भाषेत? माझ्या तोंडाकडे पाह्यलं, घट्ट आवळलेल्या बोटांकडे पाह्यलं, अन् पोटावर हात ठेवला. मग बाटली तिथीच टाकून गेली अन् सिस्टरले हाताले धरून ओढतच घेऊन आली.

“अगं सोड, काय झालं? तुझ्या पोरीचं सलाईन चालू आहे ना?” सिस्टर चिडल्या. बुधरीनं त्यांचा हात माझ्या पोटावर दाबला. सिस्टरचा चेहराच बदलला. धावपळ झाली, नळी पुन्हा टाकली. मी हुंदके देऊन रडली, पण या वेळी सुटल्याचं रडणं होतं.

मॅडम ह्यांले म्हणाल्या, “यांचं हो-नाही उलटसुलट होतंय. शब्दांवर जाऊ नका, चेहरा बघा.”

“पण मॅडम, ती स्वतःच म्हणे ना!” हे बिचारे गोंधळून गेले. चूक त्यांची तरी कशी म्हणू? मलेच माझं समजत नव्हतं.

बांगड्या भरताना मी हेच तर पाहतो. दुखते काय विचारलं की नवी नवरी लाजून ‘नाई’च म्हणते, पण तिचा हात आखडला की मी बांगडी मागं घेतो. तुमच्या घरी कोणाले असं झालं, तर तेवढा हात हातात घेऊन पाहा. मग विचारा.

पोरीचा ताप उतरला, घरी जायची सुट्टी झाली. बुधरी गाठोडं घेऊन माझ्याजवळ आली, माझा हात धरला अन् माडियात कितीतरी वेळ बोलली. मले एक शब्द समजला नाई. मी ओरडली, “नाई! नाई!”

“अगं, चांगलं बोल, जाऊन राह्यली ती!” हे शरमले.

बुधरीनं गाठोडं खाली ठेवलं अन् माझ्या पलंगावर बसली. गाडीवाला हाक मारेपर्यंत तशीच बसून राह्यली.

आता मी बोलतो, अडखळत का होईना. दुकानही उघडलं. हे चहा विचारतात अन् आधी माझ्या तोंडाकडे पाहतात. कधी विचारतात, “तेव्हा तुले काय म्हणायचं होतं? सुखानं जा, की जाऊ नको?”

खरं सांगू, मले आजही समजत नाई. पण ती बसली होती.