हर्नियापुढे मी लिहिलेलं ‘नाही’

सकाळी आठला कोंडाबाईंच्या पोटाचा घेर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर होता. अकराला सत्त्याऐंशी. टेप बेंबीवरूनच धरली होती. तरी मी पुन्हा मोजलं. सत्त्याऐंशीच.

जुन्या जालन्यातल्या वीस खाटांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं सिस्टर आहे. कोंडाबाई भोकरदनकडच्या, सत्तरीच्या. दोन दिवस उलट्या, थांबून थांबून कळा, शौच बंद. सोबत मुलगा, बाबुराव.

“दोनदा एरंडेल दिल्तं, उलटून पडलं,” तो म्हणाला. “एनिमा द्या अन् जल्दी सोडा, सिस्टर. कापूस वेचायचा पडलाय.”

“मावशी, वारा सरतो का?”

“परवापासून न्हाई.”

साध्या बद्धकोष्ठात वारा सरतो. आतडं पूर्ण अडलं की तोही थांबतो, आणि वर साचलेलं उलटीतून येतं. कोंडाबाईंची सकाळची उलटी हिरवट होती. अकराची तपकिरी, साडेतीनशे मिली. अशा पोटात जुलाब किंवा एनिमा देणं धोक्याचं. बाबुरावला मी तसं स्पष्ट सांगितलं.

आमच्या सर्जननी, म्हणजे सरांनी, उभ्याने एक्स-रे काढायला लावला. उभं केलं की अडलेल्या आतड्यातलं पाणी खाली बसतं, हवा वर राहते, आणि फिल्मवर पायऱ्या दिसतात. मी सहा मोजल्या. अडलंय हे नक्की झालं. कशाने, ते कळेना. जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटून अडतात, पण इथे पोटावर एकही टाका नव्हता. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. सीटी स्कॅन बाहेर व्हायचा, म्हणून अॅम्ब्युलन्स बोलावली.

“हर्निया नाही ना?” सरांनी विचारलं.

“नाही, सर. दाखल करतानाच्या फॉर्मवर लिहिलंय.”

“कुणी लिहिलं?”

“मीच.”

“आणि बघितलं कुणी?”

मी लुगडं बेंबीखाली चार बोटं सरकवून पोट तपासलं होतं. कासोटा तसाच.

“मीही नाही बघितलं,” सर म्हणाले. “जा.”

मी बाबुरावला बाहेर काढलं, पडदा ओढला.

“मावशी, कासोटा सोडावा लागेल.”

“बाळंतपणाबिगर कुणापुढं सोडला न्हाई म्या.”

“मंग मला सुईण समजा.”

हसता हसता त्या कण्हल्या. उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा होता. कडक. बोट लावताच ओरडल्या.

“हे सांगितलं का नाही?”

“ते अवधान हाय. पायात काटा गेल्ता. त्याचा पोटाशी काय संबंध?”

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, ती अवधान. मी दोन्ही तळवे पाहिले. साधा ओरखडाही नव्हता. हा हर्नियाच होता: जांघेतल्या फटीत आतड्याचं वेटोळं अडकलं होतं.

सरांनी तपासलं. अॅम्ब्युलन्स परत पाठवली, ऑपरेशन टेबल मांडलं. आतडं काळंनिळं निघालं. गरम सलाईनच्या कापडात दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं. मग ते हळूहळू गुलाबी झालं. कापावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी घेर एकोणऐंशी. मी वॉर्डातूनच ओरडले, “सर, वारा सरला!”

“आता गावात दवंडी दे, पोरी!” कोंडाबाई खेकसल्या. दाराशी बाबुराव हसत होता आणि उपरण्याने डोळे पुसत होता.

फॉर्मवरचा हर्नियाचा रकाना आता मी शेवटी भरते. आधी कासोटा सुटतो, मग पेनाचं टोपण.