बाबाच्या जुन्या फोनसाठी

वेसाव्यात इंजिन खोलणारे ढीगभर भेटतील, पण फोनच्या पोटात काय चालतं ते ओळखणारी एकच. बळवंत तांडेलाची निशा. डिप्लोमा केलाय, गोरेगावला नोकरी. कोणाला खोटं वाटत असेल तर धक्क्यावर येऊन विचारावं.

त्या दुपारी मात्र तिची वाट लागली होती. समुद्रात एक बुडालेली बार्ज आहे, माल वाहायची सपाट बोट. तिच्यात अडकून बाबाचं जाळं दोनदा फाटलं. आता फाटलं तर सीझनच बसला. म्हणून निशाने C भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात बार्जच्या जागेचे GPS आकडे; होडी तिच्याजवळ गेली की फोन बोंबलणार. तिच्या फोनवर झकास चालला. बाबाच्या जुन्या फोनवर टाकला, तर सुरूच होईना.

"बाबा, तिचाच फोन ने ना," थोरला भाऊ अल्पेश म्हणाला.

"एवढा महागाचा? पाण्यात पडला म्हणजे? मी नाय नेणार."

अर्ध्या तासात खाडीचं पाणी उतरणार, मग होडी गाळात. राजाराम खलाशी इंजिनाजवळ उभाच. निशा लॅपटॉप घेऊन धक्क्यावर बसली, उठली, परत बसली.

"अगं, तुझ्या फोनवर चालतो, मग ह्याच्यावर काय नखरे?"

"दादा, गप रे जरा!"

आणि तिने कपाळावर हात मारला. तिच्या फोनची चिप चौसष्ट बिटवाली, बाबाच्या फोनची बत्तीस. प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती, पण कंपाईल केला होता, म्हणजे चिपच्या भाषेत उतरवला होता, तो स्वतःच्या फोनसाठी. कमांडमध्ये चिपचं नाव बदललं, परत कंपाईल केला, केबल लावली. तपासायला धक्क्याचीच जागा बार्ज म्हणून घातली. फोन असा बोंबलला की बर्फवाल्याच्या हातातली लादी निसटली. मग घाईघाईत बार्जचे खरे आकडे घातले. बाबाने फोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि होडी काढली.

तीन दिवस पोरगी धड जेवली नाही. "आकडे बरोबर टाकले ना रे मी?" अल्पेशला दहादा विचारून झालं.

चौथ्या दिवशी होडी धक्क्याला लागली. निशाने आधी जाळं चाचपलं. अख्खं होतं.

"वाजला?"

"दोनदा. एकदा बार्जपाशी. दुसऱ्यांदा उगाच, तिथे काय नव्हतं."

"नव्हतं कशावरून? जाळं टाकून बघितलंस?"

"मी काय येडा आहे?" बाबा म्हणाला. "वाजला म्हटल्यावर फिरवली होडी."