मलब्याखालची मोटार

चोरीला गेलेल्या मोटारीवर बसून मी तिच्याच चोरीचा पंचनामा लिहिला. ती घटना मी कधीच विसरलो असतो, पण तेव्हाचे हवालदार अजून भेटतात आणि विसरू देत नाहीत.

तुमसरला एक बंद राइस मिल पाडून मंगल कार्यालय व्हायचे होते. बोली अशी, की विटामातीचा मलबा पाडकामाच्या ठेकेदाराचा आणि यंत्रे मालकाची. एका सकाळी मालक ठाण्यात आला. मिल चालवणारी विजेची मोठी मोटार गायब, आत भरपूर तांबे. मी घटनास्थळी गेलो. ऊन होते. सावलीतला विटांचा एक ढीग बघून त्यावर ऐसपैस बसलो, पंचांच्या सह्या घेतल्या आणि समाधानाने उठलो.

पानठेल्यावरच्या खबऱ्याने सांगितले, "रखवालदाराले धरा साहेब, चाब्या त्याच्याच जवळ राह्यतेत."

खबर सोपी होती, म्हणून मला आवडली. त्या म्हाताऱ्या रखवालदाराला ठाण्यात आणले. मंगल कार्यालयातही त्याला रखवालीचे काम आणि राहायला खोली मिळणार होती. चोरीचा डाग लागला तर दोन्ही जाणार होते.

"मोटार फाटकाबाहेर गेलीच नाही जी," तो एवढेच म्हणे.

"मग काय आतल्या आत विरघळली?"

सारे ठाणे हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला. "साहेब, पंचनामा तं झाला. मलबा उचलू का?"

मी हो म्हणालो आणि करमेना म्हणून मागोमाग गेलो. ट्रकला लागूनच एक ढीग होता, पण हा मजुरांना मागच्या, माझ्या बैठकीच्या ढिगाकडे पिटाळत होता.

"जवळचा सोडून तो काहून?" मी विचारले. त्याने लगेच मजुरांना जवळच्या ढिगाकडे वळवले.

मी मागच्याच ढिगाच्या विटा हटवायला लावल्या, खाली मोटार. तिच्यावर भिंत पाडून त्याने ती मलब्यात जमा केली होती. जबाब द्यायला त्याने फार वेळ घेतला नाही.

खरे बोलणाऱ्याचे बोलणे कधी कधी खुळ्यासारखे वाटते, तेव्हा हसण्याआधी ते तपासून बघावे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. बसण्याआधी खाली बघावे, हेही.

म्हाताऱ्याला मी स्वतः जीपमधून घरी सोडायला गेलो. मालकाला बोलावून सांगितले, याचा काही दोष नाही. काम आणि खोली दोन्ही कायम राहिली. आता याची बायको हात जोडणार, म्हणून मी टोपी नीट केली.

ती शेजारची उघडणारी दारे बघत म्हणाली, "सोडाले जीप कायले आनली साहेब? आता लोक म्हनतीन, पुन्हा पकडाले आले."