पिकेच्या वाटेवरची भिंत

१. दोहा ते काठमांडू, थेट विमान.
२. काठमांडू ते धाप, जीपने अकरा तास.
३. धापहून चालत तिसऱ्या दिवशी पिके शिखर, ४०६५ मीटर.
४. उतरताना एका घराची तपासणी.
५. तिथल्या बाईंना घर सोडायला सांगितलं. त्यांनी नकार दिला.

आता सविस्तर. मी दोह्याजवळ लुसैलला साइटवर स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. फुटबॉल वर्ल्ड कपची कामं जोरात आहेत, त्यामुळे नऊ दिवसांची रजा म्हणजे चैनच. आमचे स्कॅफोल्डिंगचे फोरमन दावाभाई शेर्पा. मी पिकेला निघालेय हे कळल्यावर म्हणाले, "मॅडम, उतरताना माझं गाव लागतं. भूकंपात घराच्या भिंतीला तडा गेलाय. आमा, माझी आई, एकटी असते. राहण्यासारखं आहे का, तेवढं सांगा." त्यांची स्वतःची रजा वर्षभर लांब होती. मी बॅगेत टेप आणि ओळंबा टाकला.

धापच्या अलीकडे नुसता फुफाटा आहे, मास्क न्याच. पुढे वाट शांत. दोन दिवसांत मोजून सहा ट्रेकर दिसले. लॉजमध्ये खोली जवळजवळ फुकट, पण जेवण तिथंच घ्यायचं हा अलिखित करार. डाळभात पोट भरेपर्यंत वाढतात. गावांच्या वेशीवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती आहेत. त्या उजव्या हाताला ठेवून जायचं. मी जवळची बाजू धरली, तर वाटाड्या फुर्बा ओरडला, "दीदी, चार पावलं वाचवून कुठं ठेवणार?" मी मागे फिरले.

तिसऱ्या दिवशी पहाटे शिखरावर होते. दोह्यात क्षितिज सपाट असतं. त्यावर जे उभं आहे, त्याचं ड्रॉइंग कुठल्यातरी ऑफिसात सापडतं. इथे पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत बर्फाची एकच सलग रांग होती, आणि उजेड एकेका टोकाला लागत होता. फुर्बाने बोट दाखवलं तेव्हा एव्हरेस्ट कळलं. इतरांपेक्षा ते मोठंही दिसत नव्हतं. मी अंतराचा अंदाज करायला गेले आणि सोडून दिला.

दुपारी दावाभाईंचं घर गाठलं. दगड-मातीची दुमजली भिंत. ओळंबा सोडला: मध्यभागी साठ मिलिमीटर फुगवटा, तडा अकरा मिलिमीटर. मी फुर्बामार्फत आमांना सांगितलं, पावसाआधी घर सोडा.

आमा हसल्या. "माझ्या पोराला उंचावर चढवणारी तूच ना? आणि मला खाली उतरवतेस?"

"पडू नये म्हणून त्यांना पट्टा असतो, आमा."

"मलाही आहे. वर चल." माडीवर त्याच भिंतीला लागून देवघर होतं. पाण्याच्या सात वाट्या, तुपाचा दिवा. देव हलवायचे तर लामांनी दिवस काढून द्यायचा, आणि लामा येणार पावसाळ्यानंतर. देवांना टाकून त्या एकट्या निघणार नव्हत्या.

त्यांचं अंथरूण समोरच्या भिंतीकडे हलवलं. लॉजवरून मूठभर सिमेंट आणि फुटक्या काचेचे तुकडे आणले आणि तड्यावर आडव्या तीन काचपट्ट्या डकवल्या. काच तुटली, तर भिंत सरकतेय. "मग मात्र देव शेजारी, आणि मीही," आमा म्हणाल्या. हा शब्द त्यांनी फुर्बासमोर दिला.

परत आल्यावर बरवा अल बराहाला, त्यांच्या कामगार वसाहतीत, जाऊन दावाभाईंना फोटो दाखवले आणि आकडे जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ फोटो मोठे करून बघत राहिले. आमा फोनवर रोज सांगतात, काच धड आहे. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, आणि दिसलं तरी त्या तेच सांगतील. शेजारी त्यांचीच री ओढतात. फुर्बाचा हंगाम संपला, तो गावी गेला.

शिखर डोळे मिटले की अजून दिसतं. पण रोज डोक्यात असते ती भिंत.

पावसाआधी या वाटेने कुणी जाणार असेल, तर तिन्ही काचांचे जवळून फोटो हवे आहेत. घराचा नेमका पत्ता मी देईन. येत्या गुरुवारपर्यंत खाली कमेंटमध्ये कळवा. शुक्रवारी दावाभाईंना भेटायचं आहे.