भोंगा वाजल्यावर

बोटीवर जायची हौस मला नव्हती, हे आधीच सांगून टाकते. हौस आईला होती. तिचं माहेर चिंचणीचं, समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ही बाई पाण्यात घोट्याच्या वर कधी गेली नाही. माहेर वाडीवाल्यांचं, मिरच्या आणि वांगी पिकवणाऱ्यांचं. समुद्र पलीकडच्या दांडीच्या मासेमारांचा, आपला नाही, असं तिच्या डोक्यात पक्कं. तरी कुणीतरी फोनवर तो क्रूझचा व्हिडिओ पाठवला आणि ती हट्टालाच पेटली. उठता बसता मला तोच व्हिडिओ दाखवायची. मी एकदा वैतागून विचारलं, "तुला नक्की काय बघायचंय तिथे?" तर म्हणाली, "बघायचं काय नाय गं. त्यांच्याबरोबर बसून चा प्यायचाय. अशी जागा पायजे, जिथून ते उठून जाणार नायत."

ते म्हणजे बाबा. बाबा साताऱ्याकडून तरुणपणी बोईसरला आले आणि एका केमिकल कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. फर्स्ट, सेकंड, नाइट अशा पाळ्या. आईच्या संसारात बाबा एक तर ड्युटीवर असायचे नाही तर झोपलेले. निवृत्त झाल्यावर तरी घरी टिकतील असं वाटलं होतं, पण ये रे माझ्या मागल्या. सोसायटीची कमिटी, नाक्यावरची मंडळी, आणि जुन्या कारखान्यात कुठे सेफ्टीची प्रॅक्टिस असली की तिथे जाऊन नव्या पोरांना दमात घेणं. चहाचा कप तोंडाला लावायचा आणि अर्धा टाकून उठायचं, ही त्यांची रीत. आई उरलेला चहा ओतून टाकते. मी लहानपणापासून ते बघत आले आहे.

म्हणून मी सुट्टी काढली. पालघरच्या शाळेत सुट्टी मागायची म्हणजे मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहायचं, ते केलं. माझ्या नवऱ्याला जमलं नाही, म्हणजे मुंबईपर्यंत या दोघांना गाडीतून नेणं, बॅगा, आधार कार्ड, आईच्या गुडघ्याचा पट्टा, सगळं माझ्याच डोक्यावर. बंदरात तपासणीत तिची लसणाची चटणी काढून घेतली. ती त्या माणसाकडे असं बघत होती की मलाच लाज वाटली. पण खोलीत शिरल्यावर तिचा चेहरा खुलला. मोठी न उघडणारी काच, खाली पाणी, दोन खुर्च्या. तिने एका खुर्चीवर बाबांना बसवलं, दुसरीवर स्वतः बसली आणि मला म्हणाली, "जा, चा घेऊन ये."

तेवढ्यात छतातल्या स्पीकरवरून इंग्रजीत काहीतरी घोषणा झाली, मग हिंदीत. बोट सुटायच्या आधी सगळ्यांची सुरक्षेची ड्रिल होणार, भोंगा वाजला की लाइफ जॅकेट घेऊन आपापल्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं, लिफ्ट वापरायची नाही. आईला स्पीकरमधलं हिंदी कळत नाही. तिने बाबांना विचारलं, "काय बोलतायत?" बाबा म्हणाले, "काही नाही, प्रॅक्टिस आहे. भोंगा वाजेल." एवढंच. मी तेव्हा दारात होते, मी ऐकलं, आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. मी चहाच्या मागे गेले.

चहा कुठे मिळतो ते शोधण्यात माझा जीव गेला. एकाने वर पाठवलं, दुसऱ्याने खाली. शेवटी कागदी कपात कोमट पाणी आणि वेगळी पुडी मिळाली. तेवढ्यात भोंगा वाजला. आखूड, आखूड, आखूड, मग एक लांबलचक. बोईसरला असा आवाज म्हणजे कुठल्यातरी कारखान्यात काहीतरी झालं, ते वेगळं सांगायला नको. पण मी शहाण्या बाईसारखी कप ठेवला आणि सरळ जमायच्या जागी गेले. म्हटलं, बाबा आहेत. आयुष्य याच कामात गेलंय त्यांचं. आईला ते आणतीलच.

बाबा होते. पहिल्या रांगेत. बुटाच्या नाड्या बांधलेल्या, जॅकेटचे पट्टे नीट आवळलेले, शिट्टी बरोबर जागेवर. शाळेत परेडला पोरं उभी राहतात तसे उभे होते, आणि चेहऱ्यावर समाधान.

"आई कुठाय?"

"येतेय ना मागून."

"मागून म्हणजे? तुम्ही बरोबर नाही आणलंत?"

"भोंगा वाजला, मी निघालो. गर्दी होती. ती मागेच होती."

मी मागे बघितलं. मागे एक कुटुंब जॅकेट घालून सेल्फी काढत होतं, एक गृहस्थ वेफर्स खात होते, दोन बायका जॅकेटच्या रंगाला हसत होत्या. आई नव्हती.

मला वाटलं, येईल. गुडघा दुखतोय, जिना उतरतेय, येईल. हातात यंत्र घेतलेली बोटीवरची मुलगी एकेकाचं कार्ड तपासत पुढे आली. बाकी सगळे झाले. आमच्या खोलीतलं एक माणूस कमी. तिने खोलीचा नंबर पुकारला, परत पुकारला. सगळी माणसं जमल्याशिवाय ड्रिल संपत नाही, असं तिने हिंदीत जाहीर केलं, आणि तिथून पुढे सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. वेफर्सवाले म्हणाले, "कौन रह गया यार?" कुणीतरी म्हणालं, "कोई आंटी है, सो गयी होगी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून उन्हातान्हात ज्या बाईसाठी मी वणवण केली, ती या लोकांच्या लेखी झोपलेली आंटी.

"बाबा, जा ना वर. बघा."

"असेम्ब्ली पॉइंट सोडायचा नसतो."

"काय?"

"एकदा आलं की हलायचं नाही. कुणी परत आत गेलं की मोजणी चुकते, आणि मग एकाच्या जागी दोन अडकतात. पहिला नियम आहे तो."

"बाबा, ही प्रॅक्टिस आहे. आग लागलेली नाही."

"प्रॅक्टिसमध्ये पाळला नाही तर खऱ्यात कोण पाळणार?"

पालथ्या घड्यावर पाणी. वर्गातल्या पोरांना मी आवाजाने सरळ करते, बापाला कसं करू? ते ढिम्म हलले नाहीत. उलट ती यंत्रवाली मुलगी त्यांच्याकडे बघून कौतुकाने हसली, "अंकल सही बोल रहे हैं." मी तिला म्हटलं, मग मला जाऊ दे, तर तीही नाही म्हणाली. तिने कुणाला तरी वॉकीटॉकीवर कळवलं. तिकडून निरोप आला की आतमध्ये कुणीतरी आहे, आवाज येतोय, पण दार उघडत नाहीत, आतून साखळी लावलेली आहे. तेव्हा कुठे मला एका खलाशाबरोबर वर जायची परवानगी मिळाली. निघताना मी बाबांकडे रागाने बघितलं. ते समोर बघत होते.

जिना चढताना माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. पडली असेल. चक्कर आली असेल. खलाशी दारासमोर थांबला आणि त्याने खाली बोट दाखवलं. दाराच्या फटीत आतून टॉवेल कोंबला होता आणि त्यातलं पाणी बाहेरच्या गालिच्यात उतरलं होतं.

मी कपाळावर हात मारला. क्षणात सगळं कळलं.

आमच्याकडे भोंग्याचे नियम दोन आहेत. कारखान्याच्या आतल्या माणसांनी भोंगा वाजला की हातातलं टाकून बाहेर पडायचं, ठरलेल्या जागी उभं राहायचं, मोजणी होईपर्यंत हलायचं नाही. आणि आजूबाजूला घरात असलेल्यांनी याच्या बरोबर उलटं करायचं. वायू गळला असेल तर बाहेर पडायचं नाही. दारं खिडक्या लावायच्या, फटीत ओलं कापड घालायचं, नाकाला ओला फडका बांधायचा, पाणी भरून ठेवायचं आणि कुणी सांगेपर्यंत बसून राहायचं. हे आम्हाला बाबांनीच शिकवलं होतं, रविवारी घरात प्रॅक्टिस घेऊन. एकाच घरात नवरा बाहेर धावणार आणि बायको आतून कडी लावणार, असा आमचा संसार. आणि आज दोघांनीही आपापला नियम पाळला होता, अगदी तंतोतंत.

"आई, दार उघड. मी आहे."

"भोंगा थांबला का?"

"थांबला. कधीचाच."

"मग ते कुठं हायत?"

"खाली आहेत. उघड तू."

मग साखळी निघाली. आई ओला पदर नाकावर धरून उभी होती. एसीच्या जाळीत तिने बाबांचं बनियन कोंबलं होतं. बाथरूममधले पेले पाण्याने भरून टेबलावर मांडले होते. खलाशी हसायला लागला आणि मी त्याच्या अंगावर खेकसले, बिचाऱ्याच्या. आईने सगळीकडे बघितलं, मग मला विचारलं, "बाहेर यायचं होतं का?"

"हो गं. बोटीवर बाहेर यायचं असतं. आत राहिलं तर..." पुढचं ती बोलली. "आत राहिलं तर बुडायचं."

खाली गेलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. थट्टेनेच. आईने मान खाली घातली. बाबा म्हणाले, "अगं, मी सांगितलं होतं ना तुला?"

"काय सांगितलं होतं?" मीच उसळले. "भोंगा वाजेल, एवढंच सांगितलंत तुम्ही."

संध्याकाळी बोट बंदरातून बाहेर पडली. आईच्या मनासारखा चहा शेवटी मिळाला, दूध घातलेला, उकळलेला. आम्ही तिघं त्या मोठ्या काचेपाशी बसलो आणि बाबांनी, नको तिथे नको ती गोष्ट काढावी तशी, त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांच्या शेजारच्या कारखान्यात वायू गळला होता, ती दुपार. किती शिस्तीत आमची माणसं बाहेर आली, एक माणूस इकडचा तिकडे झाला नाही, साहेबांनी पाठ थोपटली. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की माझा भाऊ ती बाबांच्या आवाजात करून दाखवतो.

आई नेहमी गप्प असते या गोष्टीला. त्या दिवशी तिने कप खाली ठेवला.

"ती दुपार मला पण याद हाय," ती म्हणाली. "चाळीतल्या सगळ्या बायका पोरांना घेऊन रिक्षाने पालघरकडे गेल्या. मला हाका मारल्या. मी बोलले, ते सांगून गेलेत, दार उघडायचं नाय. दोन पोरं मांडीत घेऊन बसले. डोळ्यांची आग होत होती. तुमी उभे होतात तो पॉइंट आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता."

बाबा म्हणाले, "तू बरोबरच केलंस. तोच नियम होता."

"नियम सोडा. तुमी संध्याकाळी आलात. ते पण जेवायला." तिचा आवाज चढलेला नव्हता. "आज खरंच झालं असतं, तर आला असता का मला घ्यायला?"

माझी फार इच्छा होती की त्यांनी खोटं बोलावं. हो म्हणावं आणि विषय संपवावा. कुठला नवरा हो म्हणणार नाही? पण आमचे बाबा. त्यांनी खरोखर विचार केला. चष्मा काढला, पुसला.

"नसतो आलो," ते म्हणाले. "परत वर जायचं नसतं. मी बाकीच्यांना सांगितलं असतं की आतमध्ये माणूस आहे."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. माणूस. पन्नास वर्षं त्यांच्या घरात राबलेली बायको, आणि हे म्हणतात माणूस आहे. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "विचारलं ते बरं झालं."

आणि ती उठली. चहा अर्धा होता. मी बघत राहिले, कारण ही बाई अन्न टाकून कधी उठत नाही. तिने कपाटातून स्वतःचं जॅकेट काढलं, काखेत धरलं आणि मला म्हणाली, "चल, ती जागा मला नीट दाखव. जिन्याने."

"अगं, आता कशाला?" बाबा म्हणाले. "ड्रिल संपली की. आणि तुझा गुडघा."

"तुमी बसा. चा घ्या."

आम्ही निघालो. जिना उभा होता. ती एका हाताने कठडा धरून, आधी चांगला पाय, मग दुखरा, अशी उतरत होती. मी आधार द्यायला गेले तर म्हणाली, "सोड. तू असशील का तेवा?" मी सोडलं. प्रत्येक वळणावर ती भिंतीवरचा हिरवा बाण बघायची, त्याला हात लावायची आणि पुढे जायची. मला राग येत होता, कुणाचा ते धड कळत नव्हतं.

वरून बाबांचा आवाज आला. ते जिन्याच्या तोंडाशी आले होते, पायात नुसत्या सपाता. "अगं थांब, मी येतो बरोबर."

आई खालच्या वळणावर थांबली. मला वाटलं, त्यांच्यासाठीच थांबली. पण ती कठड्याला टेकून दम खात होती. दम परत आला तशी तिने जॅकेट काखेत नीट धरलं, वर न बघता पाय पुढे टाकला आणि उतरायला लागली.