कातिबचाचांच्या कोशातली चिठ्ठी

कातिबचाचा गेल्याचं पोस्टकार्ड देवपूरच्या आमच्या संघटनेच्या कार्यालयात आलं, तेव्हा मी कुणाचा तरी निषेध लिहीत होते. पेन ठेवलं... त्याला आज महिना होईल.

चाचा धुळ्याच्या शिळाछाप छापखान्यात बोरूनं उर्दू मजकूर लिहून द्यायचे. मागे एकदा अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायकांच्या संडासाची भिंत पडली होती आणि मालक ती बांधत नव्हता. त्यासाठी मराठी-उर्दू पत्रक काढायचं होतं. उर्दू मथळा मी तोंडी सांगितला, ‘औरतों का हक’. चाचांनी बोरू दौतीत बुडवलाच नाही. त्यांची रीतच तशी. शाईत घालण्याआधी शब्द कोशात बघायचा, मग ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांनाच वाचून दाखवायचा.

“बेटी, ‘औरत’ शब्द अरबी आहे,” ते म्हणाले. “तिकडे याचा अर्थ बाई नाही. उणीव. शरीराचा झाकायचा भाग. तटाला पडलेलं खिंडार, जिथून शत्रू आत शिरेल, तेही हेच. फारसीतून इकडे येईपर्यंत त्याची बाई झाली.”

मी भडकले. आम्ही म्हणजे झाकून ठेवायची उणीव? “काढून टाका तो शब्द.”

“मी कोण काढणारा? आणि तू तरी कोण?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही अमळनेरला गेलो. दुपारच्या सुट्टीत चाचांनी सगळे अर्थ, एकही न गाळता, बायकांना सांगितले. मला मान वर करवेना. त्या मात्र कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी जैतुनबी भाकरी मोडत म्हणाली, “भाऊ, आमले बठ्ठा औरतच म्हनतस. अरबस्तानमा काय म्हनतस त्यानं आमले काय? भीत पडेल शे, ती कोन बांधी? पयले ते लिखा.”

चाचांनी पडलेल्या भिंतीचंच आधी लिहिलं. शब्द राहिला. पत्रक वाटलं, बायका दोन दिवस फाटकाशी बसल्या आणि मालकानं भिंत बांधली. संडासाला दार मात्र अजून बसवलेलं नाही.

चाचांच्या सुनेनं कोश मला दिला. मला उर्दू वाचता येत नाही. ‘औरत’च्या पानात एक चिठ्ठी होती, ती त्यांच्या नातीनं वाचून दाखवली. तीन अर्थ ओळीनं होते... आणि चौथ्या आकड्यापुढे, तितक्याच सुबक अक्षरात: “भीत पडेल शे, ती कोन बांधी? जैतुनबी, अमळनेर.”

दाराचं पत्रक माझ्या टेबलावर तयार आहे. छापायला दिलेलं नाही. उद्या सकाळची अमळनेरची एसटी धरायची आहे.