मायच्या नावाचं तिकीट

माय गेली तेव्हा तिचं विमानाचं तिकीट वडिलांच्या कपाटात होतं. मुंबईत नोकरीला असलेल्या माझ्या थोरल्या भावानं ते पाठवलं होतं. वहिनी बाळंत झाली होती, आणि सव्वा महिना झाला की मी येते, बाळाला आधी मीच मांडीवर घेणार, असं मायनं त्याला पत्रात कळवलं होतं. नवऱ्याचं पूर्ण भाड्याचं तिकीट घेतलं, की सोबतच्या बायकोला अर्ध्या भाड्यात, अशी सवलत होती. औरंगाबादहून मुंबई, तारीख ठरलेली.

पाच दिवसांच्या तापात माय गेली. भाऊ आला, मायचं पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसकार्य, उरकून परतला. वडील आखाडा बाळापूरला प्राथमिक शाळेत मास्तर होते. आता रेल्वेनं सावकाश या, असं भाऊ त्यांना म्हणाला. पण तिनं कबूल केलं होतं, त्याच दिवशी जायचं, हे वडिलांनी धरून ठेवलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पाट्या वाचता येत नव्हत्या. म्हणून मायच्या जागी माझं नाव घालून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

आम्ही एसटीनं आदल्या दिवशी औरंगाबादला गेलो. तिकीट कार्यालयातला कारकून भला माणूस होता. त्यानं तिकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर आम्हाला वाचून दाखवला. सोबतीच्या तिकिटावरचं नाव बदलता येत नाही, तारीखही बदलता येत नाही. वडिलांनी माय वारल्याचं सांगितलं. तो हळहळला, पण नियमाला इलाज नव्हता. पूर्ण भाड्याचं नवं तिकीट काढायची आमची ऐपत नव्हती. आम्ही उठताना तो आवाज खाली आणून मला म्हणाला, की उद्या विमानतळावर कुणी ओळखपत्र मागणार नाही. नाव पुकारलं की हो म्हणायचं, आणि जरा थोराड दिसेल असं नेसायचं.

वहिनीला द्यायला मायचं इरकल लुगडं पिशवीत होतं. रात्री एका नातेवाइकांकडे उतरलो होतो, तिथं सकाळी मी ते नेसले, अंबाडा घातला. लुगड्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. आरशात पाहिलं तर हनुवटी तिची होती. वडिलांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

विमानतळावर टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यानं आधी वडिलांचं, मग मायचं नाव वाचलं. मी हो म्हटलं. त्यानं मला न्याहाळलं आणि वडिलांना विचारलं, "या आपल्या मिसेस?"

वडिलांनी टोपी काढली. "न्हाई साहेब. पोरगी हाय माझी. तिची माय वारली."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मला जाता येणार नाही, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं. वडिलांनी विचारलं, मग तिच्या मायचं नाव खोडणार काय. प्रवाशांची यादी आधीच पुढे गेली आहे, नाव तसंच राहील, असं तो म्हणाला. वडील पिशवी घेऊन, चाचपडत, एकटे आत गेले.

मी बाहेर बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं लाउडस्पीकरवर एका बाईनं मायचं नाव पुकारलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, विमान सुटायला आलं आहे, लगेच यावं, असं. गावात तिला तिच्या नावानं कुणी कधी बोलावलं नव्हतं. ती मास्तरीणबाई होती, नाहीतर अमक्याची माय. त्या दिवशी तिचं सगळं नाव एवढ्या मोठ्यानं मी पहिल्यांदा ऐकलं. पुन्हा पुकारलं. मी उठून चालू लागले होते, हे मला दारापाशी पोचल्यावर कळलं. दारावरच्या शिपायानं माझं लुगडं पाहिलं, यादीतली बाई हीच असं समजून तो बाजूला झाला.

"ती येणार नाही," मी त्याला म्हटलं.

त्याला काही उमगलं नाही. तिसऱ्यांदा नाव आलं आणि मग बंद झालं. पुढे कित्येक महिने बाजारात कुणी कुणाला लांबून हाक मारली तरी मी वळून बघायचे.

पंधरा दिवसांनी वडील रेल्वेनं परत आले. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामीच होती, म्हणाले. हवाई सुंदरीनं पट्टा बांधायला सांगितला, तेव्हा त्यांनी आधी त्या जागेचा बांधला, मग स्वतःचा. मी विचारलं, काहून खरं सांगितलं तुमी, नुसतं हो म्हणायचं होतं.

"तू त्या लुगड्यात हुबी होतीस," ते म्हणाले. "मी व्हय म्हणलो असतो तर मला ते खरंच वाटलं असतं. मग माझी पोरगी कुठून आणली असती मी?"

बाळाबद्दल ते काही बोलले नाहीत. ते पुढे वहिनीनं सांगितलं. दोन दिवस ते बाळाजवळ बसत, पण उचलून घेत नसत. तिसऱ्या दिवशी भावानं झोपलेलं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. तेव्हा त्यांनी सरकून शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा केली, आणि बाळ जागं होईपर्यंत तसेच बसून राहिले.